लुकबुक मिलानचं, खळं देवगडचं

«ताई, मी देवगड तालुक्यात राहतो. वय २६, उंची पाच फूट पाच इंच. पतसंस्थेत नोकरीला आहे, एप्रिल-मेमध्ये सुट्टीच्या दिवशी घरच्या आंब्याच्या कामात असतो. मला कपड्यांची आवड आहे. पुरुषांच्या ब्रँडचं नवं लुकबुक, म्हणजे हंगामाच्या कपड्यांचा फोटोसंच, आलं की रात्री उशिरापर्यंत बघत बसतो, फोनमध्ये शेकडो फोटो साठवलेत. पण त्यातलं काही घालायला गेलं की जमतच नाही. गेल्या वर्षी सेलमध्ये लोकरीचं जाकीट घेतलं, जेमतेम दोनदा अंगावर चढलं आणि पावसाळ्यात कपाटात त्याला बुरशी आली. रुंद मोहरीची पँट घालून बाजारात गेलो तर ‹काय रे, आज शूटिंग हा काय?› म्हणून विचारतात. आई म्हणते पैसे पाण्यात घालतोस. मे महिन्यात जवळच्या मित्राचं लग्न आहे, तेव्हा तरी चांगलं दिसायचंय. एका हंगामाला तीन-चार हजारांच्या वर खर्च परवडत नाही. लुकबुक बघणं सोडून देऊ का?»
– देवगडचा एक वाचक

सोडू नकोस. आपल्याकडे मुलगा नीटनेटका दिसावा असं सगळ्यांना वाटतं, पण त्याने कपड्यांत लक्ष घातलं की लगेच ते नखरे ठरतात. तरीही तू आवड आहे असं सरळ लिहिलंस, ते मला फार आवडलं. ती आवड जप. फक्त बघण्याची पद्धत बदलायला हवी. तू लुकबुकात विकत घ्यायच्या वस्तू शोधतोस. त्यात बघायचं असतं ते हे, की कशावर काय घातलंय, कुठे सैल सोडलंय, कुठे आखूड केलंय, कुठला रंग किती वापरलाय. एवढं तिथून उचलायचं आणि कापड मात्र इथल्या हवेला विचारून घ्यायचं.

आधी हंगामाचा घोळ सोडवू, कारण तुझे पैसे तिथेच गेले. पुरुषांच्या फॅशनचे मोठे हंगाम दोन, वसंत-उन्हाळा आणि शरद-हिवाळा. मिलान-पॅरिसला पुढच्या उन्हाळ्याचे कपडे आदल्या जूनमध्ये दाखवतात आणि पुढच्या हिवाळ्याचे जानेवारीत. दुकानात ते सहा-सात महिन्यांनी येतात. हे सगळं वेळापत्रक तिथल्या थंडीवर बेतलेलं आहे. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुझ्या फोनवर ओव्हरकोट, जाड स्वेटर आणि मफलर यायला लागतात, तेव्हा तुझ्या घरी गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटी बांधायची गडबड असते, बाहेर पाऊस असतो आणि पुढ्यात ऑक्टोबरचा उकाडा. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या ओलीत लोकर कपाटात कोंडून राहिली की बुरशी धरणारच. जाकीट अजून वाचेल. कडक उन्हात खळ्यात उलटं करून टाक, कोरड्या ब्रशने झटक, ड्रायक्लीन करून प्लॅस्टिकऐवजी सुती पिशवीत ठेव. डिसेंबरात कोल्हापूर-पुण्याकडे जाणं झालं तर तिथे ते शोभेल.

आता तुझा स्वतःचा हंगाम मांड. जून ते सप्टेंबर पाऊस, मग महिनाभर उकाडा, डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळ-संध्याकाळ सुखाची हवा, आणि मार्चपासून घामाच्या धारा. म्हणजे वसंत-उन्हाळ्याचं लुकबुक तुला पावसाळा सोडून जवळजवळ वर्षभर उपयोगी पडतं. त्याशिवाय आणखी एक प्रकार असतो, तो तुझ्याकडून सुटलेला दिसतोय. काही ब्रँड या दोन हंगामांच्या मध्ये ‹रिसॉर्ट› किंवा ‹क्रूझ› नावाचा संग्रह काढतात. युरोप-अमेरिकेतले पैसेवाले थंडीत उबदार समुद्रकिनारी सुट्टीला जातात, त्यांच्यासाठी हे कपडे सुरू झाले आणि नोव्हेंबरच्या आसपास दुकानात येतात. उघड्या कॉलरचे शर्ट, सुती पँट, बिनअस्तराची जाकिटं, चपला. लोक विमानाने ज्या हवेत जातात त्या हवेत तू बारा महिने राहतोस! आवडीच्या ब्रँडचा शरद-हिवाळा उघडण्याआधी त्याचं रिसॉर्ट शोध.

त्याच विचाराने जपानकडे बघ. तिथला उन्हाळा दमट असतो आणि जून-जुलैत तिथेही पावसाचा हंगाम असतो. त्यामुळे बीम्स किंवा युनिक्लोसारख्या जपानी ब्रँडच्या उन्हाळी लुकमध्ये अंगापासून सुटे राहणारे शर्ट आणि हलक्या, मोकळ्या पँट दिसतात. मिलानच्या उन्हाळी सुटापेक्षा ते तुझ्या फार जवळचं आहे. आणि आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यात कोलवाळला, फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स होऊन गेले. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. पांढरं, सैल, साधं कापड समुद्राच्या हवेत किती देखणं दिसतं हे त्यांनी आयुष्यभर करून दाखवलं. त्यांच्या जुन्या संग्रहांचे फोटो शोधून बघ. कोकणातल्या माणसाने लुकबुक कुठून बघायला सुरुवात करावी असं मला कुणी विचारलं तर मी तिथूनच सांगेन.

पण बघायचं कसं? एक लुक घेऊन करून दाखवते. समजा, शरद-हिवाळ्याचा फोटो आहे. चॉकलेटी लोकरीची रुंद पँट, आत सायीच्या रंगाचा बारीक विणीचा स्वेटर, वर गडद निळा, बटणं उघडी ठेवलेला ओव्हरशर्ट, म्हणजे जाकिटासारखा वरून घालायचा शर्ट, पायात तपकिरी लोफर. यातलं एकही कापड देवगडात चालणार नाही. तरी फोटो टाकून देऊ नकोस. आधी रंग मोज. तीनच आहेत, आणि त्यातला फिका रंग गडद निळ्याच्या मधून उभ्या पट्टीसारखा दिसतोय. त्या उभ्या पट्टीमुळे माणूस उंच वाटतो, हे तुझ्यासाठी सोन्यासारखं आहे. मग सैलपणा बघ. आतलं अंगासरशी, वरचं मोकळं, खालचं रुंद. म्हणजे तीन थरांत एकच थर घट्ट आहे. मग शेवट बघ. पँट बुटावर कुठे टेकते, ओव्हरशर्ट मांडीवर कुठे थांबतो. आता हेच सगळं डिसेंबरच्या संध्याकाळी जामसंड्याच्या बाजारात नेऊ. आत सायीच्या रंगाचा साधा सुती टी-शर्ट, वर गडद निळ्या खादीचा पूर्ण बाह्यांचा, बटणं उघडी सोडलेला आणि बाह्या दोनदा दुमडलेला शर्ट, खाली तपकिरी सुती पँट, पायात चामड्याची चपल. लुक तोच राहिला, लोकर तेवढी गेली.

हे करताना एक लक्षात ठेव, फोटोतला माणूस बहुतेक वेळा सहा फुटांच्या पुढचा असतो. कपडे त्याच्या अंगावर पाठीमागून चिमटे लावून बसवलेले असतात, वाफेच्या इस्त्रीने फोटोआधी सुरकुती काढलेली असते, आणि तो तासाभरात ते उतरवून ठेवणार असतो. तुला त्याच शर्टात दहा ते सहा खुर्चीत बसायचंय. म्हणून एका फोटोतून एकच गोष्ट उचल. कधी रंगाची जोडी, कधी कॉलर, कधी पँटची उंची. रुंद पँट, आखूड शर्ट, टोपी आणि गळ्यातली साखळी असं सगळं एकदम आणलं असशील, म्हणूनच बाजारात शूटिंगची चौकशी झाली असणार. विचारणाऱ्यांवर रागावू नकोस, गावात नवीन काही दिसलं की बोलणं होतंच. नेहमीच्या शर्टावर ती रुंद पँट एकटी घाल. चार वेळा बघितली की पाचव्या वेळी कुणी वळून बघत नाही, आणि एखादा हळूच विचारतो, खंय शिवलंस.

कापडाबद्दल मात्र मी जरा हट्टी आहे. लिनन घाम टिपतं, लवकर सुकतं आणि ओलं झालं तरी कमकुवत होत नाही. चुरगळतं, ते चुरगळू द्यावं. शर्टाचं लिनन चौरस मीटरला साधारण १२० ते १७० ग्रॅम वजनाचं असतं. बारा-चौदा औंसांचं डेनिम चारशे ग्रॅमच्या वर जातं, म्हणून जुलैत धुतलेली जीन्स पडवीच्या दोरीवर तीन दिवस लोंबकळते आणि तिला कुबट वास येतो. पावसाळ्यात जीन्स घालूच नकोस, असंच म्हणेन. रेयॉन किंवा व्हिस्कोज दुकानात हाताला मऊ, गार लागतं आणि उघड्या कॉलरच्या छापील शर्टांत भरपूर मिळतं. उन्हाळ्यात ते छानच, पण ओलं झाल्यावर त्याचा धागा कमकुवत होतो, तेव्हा पिळताना जपून. लिनन महाग वाटलं तर सुती पॉपलिन किंवा बारीक खादी घे. आणखी एक कापड लुकबुकात उन्हाळ्यात हमखास दिसतं, विणतानाच बारीक उभ्या चुण्या पडलेलं सीरसकर. चुण्यांमुळे ते अंगाला चिकटत नाही आणि इस्त्रीही लागत नाही. आपल्या हवेसाठीच केलंय असं वाटावं इतकं ते इथे जमतं.

रंगांच्या बाबतीत लुकबुक तुला एक गोष्ट कधी सांगणार नाही, ती म्हणजे जांभ्याची माती. पांढरी पँट फोटोत किती सुरेख दिसते! पण जून ते ऑक्टोबर स्कूटरच्या चाकामागून उडालेला लाल चिखल मोहरीवर बसला की तो डाग सहज निघत नाही. पांढरा रंग कमरेच्या वर ठेव. खाली तपकिरी, शेवाळी, गडद निळा, किंवा सरळ मातीशी मिळताजुळता विटकरी. घामाचंही तसंच आहे. मध्यम करडा आणि फिका निळा या रंगांवर काखेतला आणि पाठीवरचा घाम लगेच उमटतो. पांढरा, गडद निळा आणि बारीक छापाचे शर्ट तो झाकतात. पतसंस्थेत लोकांसमोर बसायचं असतं तेव्हा हे उपयोगी पडेल.

तुझ्या उंचीला साजेल असं तयार कपड्यांत क्वचित मिळेल, म्हणून शिंप्याशी दोस्ती कर. तुझ्याकडचं हे मोठं भांडवल आहे. शहरातल्या मुलाला रेडिमेडवर भागवावं लागतं, तुझ्याकडे तालुक्याच्या बाजारात मास्टर आहेत. त्यांना फोनमधले वीस फोटो दाखवू नकोस. एकच फोटो दाखव आणि त्यातली एकच जागा बोट ठेवून सांग, ‹ही कॉलर अशी हवी›. सोबत तुला नीट बसणारा एक जुना शर्ट मापाला ने. बाहेर सोडायचा शर्ट चेनच्या मध्यापर्यंतच येऊ दे आणि खालचा घेर सरळ कापायला सांग. लांब शर्टात पाय आखूड दिसतात. पँट कमरेवर बसेल अशी, पुढे एक प्लीट, मोहरी सपाट मापली तर आठ इंचांच्या आसपास. फोटोतली दहा-अकरा इंची मोहरी सहा फुटी माणसाची आहे. लांबी चपलेच्या पट्ट्याला जेमतेम टेकेल एवढीच, वर घडी पडता कामा नये. सुती आणि लिनन कापड शिवायला टाकण्याआधी पाण्यात भिजवून सुकवून घे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. आणि शिलाईत माया ठेवायला सांग. तू अजून सव्वीसचा आहेस, अंग भरणार आहे.

एक कपडा मी तुझ्यासाठी मुद्दाम सुचवते. लुकबुकात तुला चौकोनी, वरून शिवलेल्या तीन-चार खिशांचं निळं सुती जाकीट वारंवार दिसत असेल. ते मुळात फ्रेंच कामगारांचं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं. खिसे अवजारांसाठी, कापड दणकट, निळा रंग मळखाऊ. आज ते पॅरिसला कॉफी पिताना घालतात. तू खरंच काम करतोस. त्याची हलकी आवृत्ती, बिनअस्तराची, जाडसर खादीत किंवा सुती ट्विलमध्ये, शिवून घे. कलमांत फिरताना कात्री, दोरा, फोन सगळं खिशात राहील आणि तेच जाकीट संध्याकाळी टी-शर्टवर बाहेरही चालेल. आंब्याच्या चिकाचा काळा डाग मात्र निघत नाही, तेव्हा ऐन काढणीच्या दिवशी जुनाच शर्ट बरा.

पायातल्या चपलेबद्दल लाजू नकोस. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन ब्रँडने २०२६ च्या उन्हाळ्याचे पुरुषांचे कपडे दाखवले, त्यात मॉडेलच्या पायात थेट कोल्हापुरीच्या घडणीच्या चपला होत्या. आपल्याकडून टीका झाली, तेव्हा त्यामागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचं कंपनीने मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मला या प्रकरणात राग आला तसा एक आनंदही झाला. ज्या चपलेवर आपली पोरं ‹गावठी› म्हणून बूट चढवत होती, ती चपल जगातल्या मोठ्या रॅम्पवर सुटासोबत उभी राहिली. तू ती तुझ्या तपकिरी पँटखाली ताठ मानेने घाल, आणि बनवणाऱ्याकडून घे. फक्त पावसात नको, ते चामडं पाण्याने फुगतं. जूनमध्ये तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवायची आणि चार महिने रबराची सँडल.

लग्नाचं आता. मे महिना, दुपारचा मुहूर्त, मांडवात पंखे, पंगतीत सोलकढी. लुकबुकातला मखमली बंदगळा तिथे विसर. तुला बंदगळाच हवा असेल तर लिननचा किंवा खादीचा, आत अस्तर न लावलेला शिवून घे. मास्टर म्हणतील अस्तराशिवाय बसत नाही, तर खांद्यापुरतं लावा म्हणावं, पाठ मोकळी ठेवा. रंग फिका बदामी किंवा शेवाळी. काळा नको, उन्हात तापतो आणि फोटोत नवऱ्यामुलाच्या शेजारी जड दिसतो. याहून स्वस्त आणि मला जास्त आवडणारा पर्याय म्हणजे पांढरा किंवा सायीच्या रंगाचा सुती कुर्ता, गुडघ्याच्या जरा वर थांबणारा, आणि त्यावर एका गडद रंगाचं बिनबाह्यांचं जाकीट. बाह्या नसल्याने काखेला वारा लागतो. मुहूर्त लागला की जाकीट काढून खुर्चीवर टाक आणि वाढायला लाग. फोटो आलेले असतील, आणि मित्राच्या लग्नात वाढणारा मुलगा सगळ्यांना आवडतो.

खर्च तीन-चार हजारांतच बसेल, लिननचा हट्ट सोडलास तर. पहिल्या हंगामात दोन शर्टांचं कापड आणि एका पँटचं, शिलाईसकट. दोन्ही शर्ट त्या एका पँटवर गेले पाहिजेत, असेच रंग निवड. दुसऱ्या हंगामात दुसरी पँट किंवा ते निळं जाकीट. आपल्याकडच्या मोठ्या ब्रँडचे सेल जून-जुलैत आणि डिसेंबर-जानेवारीत लागतात. जूनच्या सेलमध्ये उन्हाळी माल उतरतो, त्यात लिनन असतं. शहरातल्यांचा उन्हाळा संपलेला असतो, तुझा ऑक्टोबर अजून यायचाय. तेव्हा घे. खादी बऱ्याच भांडारांत गांधी जयंतीच्या सुमारास सवलतीत मिळते. आईला सेलच्या पिशव्या दाखवण्यापेक्षा कापड आणायला सोबत ने. सुती कापडाचा पोत बोटांत चोळून ओळखणारी ती पिढी आहे, दुकानदार तिला फसवू शकणार नाही.

फोनमधल्या फोटोंना ‹आवडले› या एकाच ढिगात ठेवू नकोस. चार भाग कर: पाऊस, उकाडा, थंडी, लग्नकार्य. ज्या फोटोला यांतल्या एकाही भागात जागा मिळत नाही तो पुसून टाक. पुसताना जीव तुटला तर आधी त्यातली रंगांची जोडी कागदावर उतरवून घे. मग उरतील तेवढ्यांतून गणपतीसाठी एक निवड. गणपतीच्या तोंडावर मास्टरांकडे चाकरमान्यांचे आणि घरच्यांचे कपडे मिळून रांग लागते, तेव्हा श्रावण लागायच्या आत कापड टाक. बटणंही आपण वेगळी आणून दे, नारळाच्या करवंटीची मिळाली तर तीच. प्लॅस्टिकच्या चकचकीत बटणांनी चांगल्या खादीचा शर्ट उगाच स्वस्त दिसतो.